मडमची किल्ली

मंगळवारी सकाळी नईम मिस्त्री नागभीडच्या आपल्या दुकानाचं शटर वर करत होता, ते अर्ध्यावरच राहिलं. रस्त्यापलीकडे, त्याच्या साडूच्या दुकानासमोर, मडम उभी होती.

मडम म्हणजे पळसबोडीच्या इस्तारीचा ट्रॅक्टर. विलायतेत जन्मलेला, पेट्रोलवर चालू होऊन रॉकेलवर पळणारा, राखाडी रंगाचा आणि आजच्या ट्रॅक्टरांपुढे बकरीएवढा. आलापल्लीच्या जंगलात सागाचे ओंडके ओढून थकला तेव्हा तो लिलावात निघाला आणि इस्तारीच्या बापाने, बापूजीने, तो घरी आणला. रॉकेल आता औषधालाही मिळत नाही, म्हणून मडम नुसत्या पेट्रोलवर जगते. धान वाहते, तलावावर मासेमारीची जाळी आणि डोंगा नेते. बावीस वर्षं तिच्या बॉनेटखाली नईमशिवाय दुसऱ्या कोणाचा हात गेला नव्हता. तिचे सीबी पाईंट तोच घासायचा. हे दोन पाईंट उघडले की ठिणगी पडते, आणि ठिणगी पडली की इंजिन चालतं. त्यांच्यातली फट मोजायला नईम तेंदूचं वाळलं पान वापरायचा. पान आत सरकलं पाहिजे, थोडं अडकलं पाहिजे आणि न फाटता निघालं पाहिजे. मोजायची लोखंडी पत्तीही त्याच्याकडे होती, पण लोखंडाला समज नसते असं त्याचं म्हणणं.

आता मडमचं बॉनेट उघडं होतं आणि आत त्याच्या साडूचं, अजीमचं, डोकं होतं.

नईमने शटर तसंच सोडलं आणि रस्ता ओलांडला. "इस्तारी, मडम इथी काऊन?"

इस्तारी टायरकडे बघत बोलला. "पाईंट घासू घासू कटाळा आला गा, नईमभाऊ. धुक्यात बंद, पावसात बंद. अजीमभाऊ म्हणे, पाईंटच काढून फेकतो आन् इलेक्ट्रॉनिक डब्बी लावतो. मंग घासनं नाई, पुसनं नाई. पोरीच्या लग्नात लफडा नोको."

खरा घाव तो होता. इस्तारीच्या पोरीचं, आचलचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. त्या घराची एक रीत आहे. नवरदेव गावाबाहेरच्या मारोतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मडमवर बसून येतो. मडम चालू करायची मिस्त्रीने, आणि ती चालू झाली की घरच्या मोठ्या बाईने चारचौघांत मिस्त्रीच्या खांद्यावर दुपट्टा टाकायचा, हातात नारळ द्यायचा. भावकीतल्या लग्नांचे मिळून नईमकडे असे अकरा दुपट्टे जमले होते. घरी पाहुणा आला रे आला की दुपट्ट्यांना ऊन दाखवायची वेळ व्हायची, आणि बायकोला, नूरीला, ते अकराही अंगणातल्या दोरीवर टाकावे लागायचे. एकदा मोहरमला, एकदा तर भर पावसात.

अजीमने डोकं बाहेर काढलं. तो नईमपेक्षा आठ वर्षांनी लहान, नूरीच्या धाकट्या बहिणीचा, कहकशाँचा, नवरा. हात स्वच्छ, खिशात दोन फोन. मिस्त्रीकाम तो फोनवर शिकला होता आणि ते लपवतही नव्हता, हे नईमला सगळ्यात जास्त खुपायचं. माणसाने उस्तादाच्या लाथा न खाता मिस्त्री व्हावं, हे म्हणजे बाळंतपण न होता बारसं करण्यासारखं.

"या ना, भाईजान," अजीम म्हणाला. "पाहा कसं बसवतो ते. शिकाले भेटन."

शिकाले भेटन. नईमने बॉनेटच्या आत एकदा नजर टाकली. त्याला एक गोष्ट माहीत होती आणि ती त्याने तोंडात गुळासारखी धरून ठेवली. मडम जुनी विलायती, तिची तऱ्हाच उलटी. सगळ्या जगाच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडतात, मडममध्ये प्लस. अजीमची डब्बी बनली होती सगळ्या जगासाठी. समोरून एक शब्द टाकला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण नईम समोरच्या पत्रूच्या पानठेल्यावर जाऊन बसला, चहा मागवला आणि पाय हलवत वाट बघू लागला. अर्ध्या तासाने मडमच्या पोटातून फुस्स असा आवाज आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास रस्ता ओलांडून आला. नईमने तो वास अत्तरासारखा घेतला आणि दुसरा चहा सांगितला.

लोक म्हणतात मत्सर माणसाला आतून खातो. खोटं आहे. पहिल्या दिवशी तो फार चविष्ट लागतो.

दुसऱ्या दिवशी मात्र अजीमने फोनवर एक गोरा शोधून काढला. त्या गोऱ्याकडे हुबेहूब अशीच मडम होती, बाहेर बर्फ पडत होतं आणि तो हातमोजे घालून प्लस-मायनस समजावत होता. अजीमने बॅटरी फिरवली, डायनामो फिरवला, नवी डब्बी बसवली आणि हँडल मारलं. पूर्ण फेराही नाही, पाव फेऱ्यात मडम बोलली. असं बोलली की नईम दुकानात पाना धरून उभाच राहिला. बावीस वर्षांत ती त्याच्याशी इतक्या गोड आवाजात कधी बोलली नव्हती.

जाताना अजीमने इस्तारीला बजावलं. तुमच्या घरी मशीन बंद केलं की बॅटरीची वायर काढून ठेवायची जुनी खोड आहे, ती आता सोडा. घडी घडी वायर काढली तर डब्बीला झटका बसेल. त्याने नवा चिमटा लावून वायर घट्ट आवळूनच दिली. इस्तारीने मान डोलावली, मडमची पितळी किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात नीट अडकवली आणि गेला. ती किल्ली बापूजीची. बापूजी ती जानव्यासारखी अंगावर वागवायचा. एकदा ती तलावात पडली तेव्हा तीन दिवस मडम जागची हलली नव्हती, ऐन कापणीत. चौथ्या दिवशी खुद्द नईमने बुड्या मारून ती गाळातून काढली होती. गावात अजून सांगतात.

त्या रात्री नईम जेवला नाही. नूरीने विचारलं तर म्हणाला, पोट दुखून राह्यलं.

"मालूम हाय काऊन दुखते ते," नूरी म्हणाली. "कहकशाँचा फोन आला होता. मडम चालू झाली म्हणे. बाराव्या दुपट्ट्यासाठी खिळा ठोकून राह्यली ते भित्तीत."

पहाटे नईमला राहवलं नाही. स्कूटर काढली आणि सात किलोमीटर धुक्यातून पळसबोडीला गेला. का गेला, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नवऱ्याने सोडलेली बाई जशी सवतीचं घर लांबून बघून येते तसा गेला. इस्तारीच्या कोठ्यात, गुरांशेजारी, मडम उभी होती. त्याने बॉनेट उचललं, ती काळी डब्बी बघितली. बोटाएवढी वस्तू. त्याने तिचा वास घेतला, बॉनेट ठेवलं आणि परत फिरला. हात लावला नाही. पण परतताना बोरीच्या कुंपणापलीकडे पत्रू लोटा घेऊन चालला होता. पत्रूचा पानठेला नागभीडला, पण घर पळसबोडीला. त्याने नईमला कोठ्यातून निघताना बघितलं आणि आपलं काम विसरला.

त्याच दिवशी सकाळी इस्तारीने हँडल मारलं तर मडम मेलेली. डब्बी जळालेली, बॅटरी अर्धी उतरलेली.

दुपारपर्यंत पत्रूच्या ठेल्यावरून नागभीडच्या फाट्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं की नईम मिस्त्रीने साडूची डब्बी जाळली. पत्रू वाईट माणूस नाही. त्याने फक्त जे बघितलं ते सांगितलं आणि जे बघितलं नाही ते ऐकणाऱ्यांवर सोडलं. गावातली बदनामी अशीच होते, कोणीच खोटं बोलत नाही.

अजीमने तिसरी डब्बी मागवली. ती कुरिअरने येईपर्यंत गोऱ्याला पुन्हा पुन्हा ऐकलं. गोऱ्याने सांगितलं म्हणून मीटर आणून ठिणगीला जोर देणारी क्वाइल मोजली, प्लगच्या वायरी बदलल्या, चुंबकाची बांगडी आणि डब्बी यांच्यातली फट मोजली. सगळं बरोबर. डब्बी बसवली, मडम गोड बोलली. संध्याकाळी बंद केली, किल्ली काढून इस्तारीने गळ्यात घातली. सकाळी पुन्हा मुडदा. या खेपेस तर अजीमने रडवेला होऊन फोनच आपटला. लग्न आठ दिवसांवर. चौथी डब्बी, तीही शेवटची, शुक्रवारी येणार होती.

त्या दिवशी कहकशाँ बहिणीकडे येऊन रडून गेली. नवरा दोन दिवस घास घेत नाही, म्हणे, आणि भाईजान रस्त्यापलीकडून हसतात. ती गेल्यावर नूरी नईमसमोर उभी राहिली.

"एकच बात विचारतो. तुमी केलं का?"

"नाई."

"कुराणाची कसम?"

"कसम. पाह्यले गेलो होतो, हात नाई लावला."

नूरीने नाक त्याच्या तोंडाजवळ नेलं. तीस वर्षांत नवऱ्याचं खोटं तिला वासावरून कळायचं. "खरं बोलून राह्यले," ती म्हणाली, आणि तिला त्याचंच जास्त वाईट वाटल्यासारखं दिसलं. "पण तुमचं तोंड चोरावानी हाय. डब्बी जळली का तुमी चहा पेता. लोकं पाह्यतात ना. आता जा आन् शोधा काय जळून राह्यलं ते. मडम नाई चालली त् लग्नात तुमाले कोणी दारात उभं नाई करनार. आन् मी माह्या बहिणीच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?"

म्हणजे ज्या डब्बीचं वाटोळं व्हावं म्हणून नईम आठ दिवस जीव टाकत होता, ती वाचवल्याशिवाय त्याचं नाव वाचणार नव्हतं. अल्लाच्या घरीही विनोद करणारे बसले असावेत.

शुक्रवारी चौथी डब्बी बसली, मडम बोलली आणि संध्याकाळी कोठ्यात गेली. शनिवारी सकाळी इस्तारी पत्रिका वाटायला सिंदेवाहीकडे गेला, बाकी घर तलावावर जाळी ओढायला. नईम उजेडात, उघडपणे गेला. लपून गेलं की पत्रू दिसतो, हा धडा त्याने घेतला होता. कोठ्यात कोणी नव्हतं. बॉनेटची एक बाजू थोडी उघडी होती आणि तिथून एक पिवळी कोंबडी बाहेर डोकावत होती.

नईमने तिला हुसकलं. ती उठेना. टोचलं तिने. त्याने गळ्यातल्या रुमालात धरून तिला उचललं. खाली गवताच्या काड्या आणि एक ताजं अंडं, क्वाइलला अगदी चिकटून. थंडीचे दिवस, बाहेर गवतावर दव, आणि ही बया इथे ऊब शोधून बसली होती. नईमने क्वाइलला हात लावला आणि पटकन काढला. तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी गरम.

रात्रभर बंद असलेल्या मशीनची क्वाइल गरम कशी? म्हणजे करंट चालू. मडम बंद असूनही तिच्या अंगात रात्रभर करंट वाहत होता, बॅटरी उतरत होती, क्वाइल भाजत होती आणि डब्बी शिजत होती. चौथी अजून जळायची होती, जळका वास नव्हता. पण किल्ली तर इस्तारीच्या गळ्यात. किल्ली काढली की करंट तुटतो. किल्ली...

नईम मडमच्या चाकावर टेकला. त्याने मान वळवून डॅशबोर्डवरच्या स्विचकडे बघितलं.

किल्ली खोटी होती.

बावीस वर्षांपूर्वी, ऐन धान चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत, मडमचा स्विच जळाला होता. तसा स्विच नागपुरातही मिळेना. नईम तेव्हा नवा मिस्त्री. त्याने डॅशबोर्डमागे दोन वायरी सरळ जोडून टाकल्या आणि काळी पट्टी गुंडाळली. मडम चालली. पण बापूजीचं तोंड पडलं. किल्लीवाला ट्रॅक्टर अख्ख्या पंचक्रोशीत त्याचाच, आणि आता किल्ली फिरवायची नाही तर चारचौघांत मालक कसं दिसायचं. मग नईमने जळका स्विच कानस लावून साफ केला आणि जागेवर बसवला. किल्ली आत जायची, फिरायची, टिक् असा आवाजही यायचा. काम काही करायची नाही. मशीन पेट्रोलची तोटी फिरवून बंद करायची आणि मग बॅटरीची वायर काढून ठेवायची, एवढं बापूजीने घरात शिकवलं. का काढायची, ते सांगितलं नाही. घरच्यांनी देवाच्या दिव्यासारखं ते पाळलं. पाईंटच्या काळात तेवढ्याने भागत होतं. आता अजीमने सांगितलं, वायर काढू नका. इस्तारी गरीब माणूस, त्याने बापाचीही किल्ली मानली आणि मिस्त्रीचाही चिमटा मानला. दोघांचं ऐकलं म्हणून मडमच्या पोटात दोन डब्ब्या जळाल्या.

आणि नईम विसरला होता. खोटं बावीस वर्षं नीट सांभाळलं की सांगणाऱ्यालाही ते खरं वाटू लागतं. तलावाच्या गाळात तीन बुड्या मारून तो ही किल्ली शोधत होता तेव्हाही त्याला वाटत होतं, हिच्याशिवाय मडम कशी चालेल.

गावाने जे म्हटलं ते शेवटी खरंच निघालं. साडूच्या डब्ब्या नईमनेच जाळल्या होत्या, फक्त बावीस वर्षं आधी.

त्याच्या स्कूटरच्या डिकीत दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी आणलेला नवा स्विच होता. त्याने विचार केला नाही, बसकण मारली, डॅशबोर्डमागची काळी पट्टी उलगडली. वायरी कापल्या, नव्या स्विचचं पोट जुन्या पितळी तोंडामागे बसवलं. हात सरावाचा, वीस मिनिटांचं काम. शेवटचा स्क्रू फिरवत होता तेव्हा मागून आवाज आला.

"सापडली का खोटी?"

इस्तारीची आई, इंदिराबाई, दारात झाडू घेऊन उभी होती. सत्तरीची, काटक, कपाळावर आठाण्याएवढं कुंकू पुसल्याची खूण.

नईमच्या हातून पाना पडला. "इंदिराबाई, मी बिघडवून नाई राह्यलो. आईची आन."

"मले दिसते ना. किल्ली खरी करून राह्यला तू." ती आत आली आणि कोंबडीला परत तिच्या अंड्यावर ठेवलं. "बापूजीनं मले लग्नाच्या बायकोले म्हनून सांगतलं होतं. कोणाले सांगू नोको म्हणे. रोज सकाळी चार लोकं पाहून किल्ली फिरवे. ते फिरवतानी त्याचं तोंड तू पाह्यलं होतं का? तेवढ्यासाठी मी बावीस साल चूप हावो. पण किल्ली खोटी असली त् डब्बी जळते, हे मले कोण सांगन? मले वाटलं, डब्बीच बेकार."

 नईमला सुचलं ते हेच, की आता लोकांना खरं सांगून टाकतो. डब्बी मी जाळली नाही, जुन्या जोडणीने जळली.

"नाई," इंदिराबाई म्हणाली. "इस्तारी ते किल्ली गळ्यात घालून फिरते. बाप त्याचा गेला, किल्ली राह्यली. पोरीच्या लग्नात त्याले सांगतो का, तुहा बाप चाळीस गावाले येडं बनवत होता? सांगनार नाई तू."

"मंग माह्या नावाचं काय, बाई? गाव मले चोर म्हणते."

"काऊन म्हणते?" ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "पहिली डब्बी फुटली तवा तुले मालूम होतं ना, प्लस-मायनस उलटं हाय म्हणून? बापूजीनं मले सांगतलं, म्हणजे तुनंच त्याले सांगतलं असन. साडूले नाई सांगतलं. चहा पेत बसला. मंग गावानं काय म्हणाव?"

नईमने पडलेला पाना उचलून पुसायला घेतला. इंदिराबाई उठून घरात गेली आणि मूठ झाकून परत आली. त्याच्या तळहातावर तिने ओवा ठेवला.

"पोट दुखते म्हणे तुहं. चाव."

नईमने ओवा चावला. डोळ्यांत पाणी आलं ते ओव्यानेच, असं तो पुढे स्वतःला सांगत असे.

त्या दिवसापासून मडम चालू झाली ती चालूच राहिली. सकाळी पाव फेरा, संध्याकाळी पाव फेरा. गावाने दोन आणि दोन चार केले. शनिवारी इंदिराबाईने नईमला कोठ्यात पकडलं, चांगलं फटकारलं, म्हणून आता डब्बी जळत नाही. पत्रूने तर म्हणे झाडू बघितला होता. अजीम रस्त्यापलीकडून नईमकडे क्षमा केल्यासारखा बघू लागला. नईमला क्षमेपेक्षा शिव्या परवडल्या असत्या. ओठ शिवून तो दुकानात बसला. खरं माहीत असून चूप बसणं काय असतं ते कळायला त्याला पन्नास वर्षं लागली, आणि मजा अशी की चूप बसून पहिल्यांदाच त्याने काही चांगलं केलं होतं, आणि पहिल्यांदाच त्याला त्याची शिक्षा होत होती.

लग्नाच्या दिवशी नूरीने त्याला सकाळी नऊलाच मांडवात नेऊन बसवलं. मधोमध, खुर्चीवर, सगळ्यांना दिसेल असं. उठायचं नाही, तिने सांगितलं, लघवीलाही नाही. कोणाच्या मनात शंका नको. पत्रू आपण होऊन शेजारच्या खुर्चीवर पहारा द्यायला बसला. नईम दोन तास तसाच बसला, मारोतीपुढच्या नंदीसारखा चुकीच्या जागी.

अकरा वाजता नवरदेव सूरज मारोतीच्या देवळाशी पोचला. मडमला आंब्याची पानं आणि झेंडूच्या माळा घालून मांडवाबाहेर उभं केलेलं. इंदिराबाईच्या हातात परातीत नारळ आणि लाल काठाचा दुपट्टा. अजीम नव्या कुर्त्यात आला. इस्तारीने गळ्यातली किल्ली काढून कपाळाला लावली, फिरवली. टिक्. अजीमने हँडल मारलं.

काही नाही.

पुन्हा मारलं. पूर्ण फेरा, दोन, सात. मडम शिंकलीसुद्धा नाही. अजीमच्या कुर्त्याच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला. त्याने बॉनेट उघडलं, मीटर काढलं, डब्बीला लावलं. शून्य. "जळली," तो पुटपुटला, आणि सगळ्या मांडवाच्या माना एकाच वेळी मागे वळल्या.

नईम खुर्चीवर होता. दोन तासांपासून होता. शेजारी पत्रू होता. लोकांनी नईमकडे बघितलं, मग पत्रूकडे.

पत्रूला जे बघितलं ते सांगणं भाग होतं. "हालला नाई गा," तो म्हणाला. "मी नवापासून पाहून राह्यलो. चहासुद्धा नाई पेला."

 मग इस्तारी गर्दीतून वाट काढत आला. त्याचे डोळे भरलेले. "नईमभाऊ, चुकलं आमचं. पाह्यता का एकडाव? नवरदेव देवळात उभा हाय."

नईम उठला. बावीस वर्षांत कधी एवढा सावकाश उठला नव्हता. मडमजवळ गेला आणि आत डोकावला. डब्बी ठीक. क्वाइल थंड. मग त्याची नजर बॅटरीकडे गेली. वायरीचा चिमटा टोकावर नुसता टेकवून ठेवला होता. लांबून लावल्यासारखा दिसे, पण ढिला. डब्बीवरच नजर खिळलेल्या अजीमने तिकडे बघितलंच नव्हतं.

नईमने मान वर केली. समोर इंदिराबाई परात धरून उभी होती. ती आंब्याच्या पानांकडे बघत होती, जणू मडमवर पानं किती आहेत ते आजच मोजायचं होतं. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना काळं ग्रीस लागलेलं होतं.

आता म्हातारीला उघडं पाडायचं नव्हतं. नईमने कान बॉनेटला लावला. डोळे मिटले. डाव्या हाताने पाना घेऊन बॉनेटवर तीन ठोके मारले, टण, टण, टण, आणि तेवढ्यात उजव्या हाताने आतला चिमटा टोकावर दाबून पिळला. नवरदेवाचा मित्र सुनिल हे सगळं फोनवर टिपत होता. त्याच्या बाजूने ठोके दिसत होते, हात नाही.

"मार हँडल," नईम अजीमला म्हणाला.

पाव फेऱ्यात मडम बोलली. वाजंत्री सुटली. दुपट्टा नईमच्या खांद्यावर पडला, आणि तो टाकताना इंदिराबाई त्याच्या कानाशी एवढंच म्हणाली, "आता दुखते का?"

"नाई, बाई," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

संध्याकाळी बारा दुपट्टे दोरीवर पडले. नूरीने न सांगता टाकले. अजीम स्वतः आला, चहा प्यायला आणि घुटमळत विचारून गेला, भाईजान, नक्की काय केलं तुम्ही? नईमला म्हातारीची आण होती. तो म्हणाला, काही नाही, तिले समजावलं.

चूक तिथे झाली.

सुनिलने टिपलेला तो व्हिडिओ तिसऱ्या दिवशी पार लांबच्या जिवतीपर्यंत पोचला. अजीमने तो गोऱ्याच्या व्हिडिओसारखाच तीस वेळा बघितला. ठोके कुठे पडले, किती जोरात, कान कोणत्या बाजूने लावला, हे त्याने वहीत उतरवलं. आणि त्या सोमवारी रस्त्यापलीकडे एका पंपाच्या इंजिनाला त्याने कान लावला, डोळे मिटले आणि तीन ठोके मारले. इंजिन आधीच नीट झालेलं होतं, ते चालणारच होतं. पण बघणाऱ्यांनी ठोके बघितले. बुधवारी दोन ट्रॅक्टर उभे राहिले, शुक्रवारी पाच. आलापल्लीहून एक जण जीप घेऊन आला आणि पत्रूच्या ठेल्यावर विचारू लागला, ते तीन ठोकेवाले मिस्त्री कुठी बसतात गा? पत्रूने जे रोज बघत होता ते सांगितलं. समोर, म्हणाला. अजीमभाऊ.

नईम दुकानात पाना धरून उभा होता. ते ठोके माझे आहेत, असं सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं काय, की ठोके खोटे आहेत?

रस्त्यापलीकडून आवाज आला. टण, टण, टण. मग गर्दीची वाहवा.

दुपारी तो जेवायला घरी गेला. नूरीने ताट वाढलं, त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं, आणि न विचारता फळीवरचा ओव्याचा डबा काढून ताटाशेजारी ठेवला.